वानर की माकड? इंदूरजवळच्या रानातील खुणा आणि आवाज

मराठीत वानर आणि माकड हे दोन वेगळे प्राणी आहेत, आणि इंदूरच्या आसपासच्या रानात शिरणाऱ्याने हा भेद आधी मनात पक्का करावा. कारण हिंदीच्या सहवासामुळे आपल्या घरांतूनही हल्ली दोघांना सरसकट ‘बंदर’ म्हटले जाते. काळ्या तोंडाचे, राखाडी अंगाचे आणि धडापेक्षा लांब शेपटीचे ते वानर. तांबूस तोंडाचे आणि आखूड शेपटीचे ते माकड. महाराष्ट्रात दिसणारे, डोक्यावर केसांची टोपी असलेले माकड साधारणपणे तापीच्या उत्तरेस आढळत नाही; त्यामुळे चोरल, पाताळपाणी किंवा सिमरोलच्या उतारावर निवड या दोघांतूनच करायची असते.

सुरुवात कानांनी करावी. पहाटे टोळी रात्रीच्या झाडावरून हलण्याच्या सुमारास वानराचा मोठा नर खोल, घुमणारा ‘हूप, हूप’ असा आवाज काढतो. तो दरीपलीकडेही ऐकू जातो आणि शेजारच्या टोळीला आपला ठावठिकाणा कळवतो. माकडाकडे असा दूरवर जाणारा घुमारा नाही. त्याच्या टोळीत हलके ‘कूऽ’, गुरगुर आणि भांडणातील कर्कश किंचाळ्या सतत चाललेल्या असतात. वानराचा धोक्याचा आवाज मात्र हूपेपेक्षा अगदी निराळा आहे: कोरडा, घशातून फुटणारा, खोकल्यासारखा ‘खक्’. तो ऐकू आल्यास आधी आवाजाच्या दिशेने नव्हे, तर वानरांच्या नजरेच्या दिशेने पाहावे. सर्वांची तोंडे एकाच झुडपाकडे वळलेली असतील आणि ‘खक्’ थांबत नसेल, तर तेथे बिबट्या असण्याचा संभव मोठा असतो. चितळ जरा शंका येताच ओरडते; झाडाच्या शेंड्यावरून पाहणाऱ्या वानरावर मी अधिक विश्वास ठेवतो, जरी गावातला कुत्रा पाहूनही ते कधीकधी ओरडते.

त्यानंतर जमिनीकडे वळावे. वानर मुख्यतः पाला खाणारे असून त्याचे पोट अनेक कप्प्यांचे असते. म्हणून त्याची विष्ठा गडद हिरवट-काळी, गोळ्या एकमेकींना चिकटल्यासारखी असते, आणि काडीने फोडल्यास आत पाल्याचे तंतू दिसतात. माकडाची विष्ठा अधिक मऊ असून तिच्यात फळांच्या बिया आणि किड्यांचे तुकडे सापडतात. माकडाच्या गालात पिशव्या असतात, वानराला त्या नसतात. त्यामुळे माकड गाल भरून दूर जाते आणि बिया भलत्याच दगडावर थुंकते, तर वानराची उष्टी पाने व डहाळ्या ज्या झाडावर ते बसले त्याच्याच खाली पडतात. मोठ्या झाडाखाली विष्ठेचा ताजा-जुना सडा आणि मुताचा उग्र वास असेल, तर ते टोळीचे रात्रीचे झाड समजावे व दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी दूर उभे राहून पाहावे.

येथे घाई नडते. एका फाल्गुनात चोरलजवळ पळसाखाली फुलांचा लाल खच पाहून मी वहीत ‘वानर’ असे लिहून मोकळा झालो. वर पाहिले तर पोपट फुले तोडून खाली टाकत होते. कोवळ्या पानांसकट मोडलेली डहाळी शेजारी असल्यावाचून केवळ फुलांवर भिस्त ठेवू नये.

ठसे पाणवठ्याच्या ओल्या मातीत किंवा गाडीवाटेच्या बारीक धुळीत शोधावेत. दोघांच्याही मागच्या पायाचा अंगठा बोटांपासून फाकलेला, जणू हाताचाच ठसा उमटावा तसा असतो. पण वानराचे पाऊल लांब व अरुंद असते, आणि त्याच्या हाताचा अंगठा इतका आखूड असतो की ठशात तो पुष्कळदा जेमतेम उमटतो. माकडाच्या हाताचा अंगठा त्यामानाने ठळक असतो.

पावसाळ्यात ठसे आणि विष्ठा टिकत नाहीत, तेव्हा फक्त आवाजावर विसंबावे लागते. पर्यटक चणे-फुटाणे टाकतात अशा जागी तर हा अभ्यास करूच नये: तेथील माकडांची विष्ठा, चाल आणि ओरडणे यांवर माणसाच्या खाण्याचा इतका परिणाम झालेला असतो की नाल्याने बरेच आत गेल्यावरच रानातली खरी खूण हाती लागते.