आयरिशमधलं दूध : ‘बान्य’ वापरताना या चुका टाळा

आयरिश शिकणाऱ्या मराठी माणसाचं लक्ष शब्दाच्या शेवटाकडे असतं. दूध, दुधाचं, दुधात. आपल्याकडे फरक तिथेच पडतो. आयरिशमध्ये दुधाला ‘बान्य’ म्हणतात आणि एकवचनात त्याचा शेवट कधीच बदलत नाही. बदलतं ते पहिलं व्यंजन, म्हणून चुकाही तिथेच होतात.

‘बान्य’ पुल्लिंगी आहे. कर्ता असताना ‘अन’ हे उपपद (इंग्रजी ‘द’सारखं) लागलं तरी ‘ब’ कायम राहतो : ‘अन बान्य’. इथे ‘अन वान्य’ म्हटलंत तर तुम्ही त्याला स्त्रीलिंगी करून टाकता. षष्ठीत मात्र नेमकं ‘अन वान्य’च बरोबर. ‘बिद्येल बान्य’ म्हणजे दुधाची बाटली; ठरावीक दुधाची असेल तर ‘बिद्येल अन वान्य’. बाटलीच्या आधी आणखी एक ‘अन’ लावू नका, या रचनेत उपपद एकदाच येतं. शिवाय क्रम आपल्या उलट, बाटली आधी आणि दूध नंतर. ‘गन’ म्हणजे ‘विना’. त्याच्यानंतरही ‘ब’चा ‘व’ होतो. बिनदुधाचा चहा ‘टे गन वान्य’.

‘दुधावर’ म्हणताना आयर्लंडच्या कॉनाक्ट आणि मन्स्टर प्रांतांमध्ये ‘एर अन मान्य’ ऐकू येतं, अल्स्टर प्रांतात ‘एर अन वान्य’. ‘मान्य’ रोमन लिपीत लिहिताना ‘बी’च्या आधी ‘एम’ येतो. ‘बी’ उच्चारायचा नाही, पण गाळायचाही नाही. मूळ शब्द ओळखू येतो तो त्याच्यामुळेच.

‘माझ्याकडे दूध आहे’ यासाठी वेगळं क्रियापद शोधू नका. ‘टा बान्य आगम’ : आहे, दूध, माझ्याकडे. इथे मराठीची सवय खरंच कामी येते, फक्त ‘आहे’ सुरुवातीला न्यायचं.

व्युत्पत्तीत दोन सापळे आहेत. पांढऱ्याला आयरिशमध्ये ‘बान’ म्हणतात, पण ‘बान्य’ त्यावरून आलेला नाही. प्राचीन आयरिशमध्ये या शब्दाचा अर्थ ‘थेंब’ होता, दूध हा अर्थ नंतर चिकटला. आयरिशच्याच केल्टिक कुळातल्या ब्रेटन आणि कॉर्निश भाषांतला त्याचा भाऊबंद अजूनही थेंबच आहे. काही अभ्यासकांनी तो संस्कृत ‘बिंदु’शी जोडला. कल्पना मोहक आहे, पण स्वर नीट जुळत नाहीत, तेव्हा ती सिद्ध झाल्यासारखी सांगू नका. दुसरा सापळा इंग्रजी ‘मिल्क’चा. त्याचं नातं ‘बान्य’शी नाही, ते आहे गाय दोहण्याच्या जुन्या आयरिश धातूशी, आणि दुभत्या गायीच्या आयरिश नावात तो धातू आजही टिकून आहे.