वीज गेल्यावर फायबरचे इंटरनेट सुरू ठेवायचे असेल तर

फायबरच्या केबलमधून वीज वाहत नाही. वाहतो तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, आणि तोही १२५ मायक्रॉन जाडीच्या, म्हणजे साधारण केसाएवढ्या, काचेच्या तंतूतून. मात्र एका टोकाला हा प्रकाश सोडणारे आणि दुसऱ्या टोकाला तो टिपणारे यंत्र विजेवरच चालते, त्यामुळे केबलला वीज लागत नसली तरी जोडणीला ती लागतेच. तांब्याच्या तारेवरचा जुना लँडलाइन फोन अंधारातही वाजत असे, कारण त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून त्याच तारेने घरापर्यंत येत असे; काचेला ते जमत नाही.

प्रकाशाचा प्रवास सेवा देणाऱ्याच्या केंद्रातील ओएलटी नावाच्या यंत्रापासून सुरू होतो. त्या यंत्राला बॅटऱ्यांचा आधार असतो. तेथून निघालेला एक तंतू वाटेत स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांकडे वाटला जातो. खांबावरच्या डबीत बसवलेला हा स्प्लिटर प्रकाशाची नुसती वाटणी करतो, त्याला वीज लागत नाही. म्हणूनच मधल्या दहा गल्ल्या अंधारात असल्या तरी काही बिघडत नाही. शेवटी ड्रॉप केबल, म्हणजे खांबावरून येणारी शेवटची बारीक केबल, घरात येते आणि हिरव्या पिनेने ओएनटीला, म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘मोडेम’ म्हणतो त्या डबीला, जोडली जाते.

जोडणीसाठी तंत्रज्ञ येईल तेव्हा शेजारी उभे राहून काम पाहावे. तो तंतूवरचे आवरण सोलतो, स्पिरिटने पुसतो, टोक काटकोनात कापतो आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोके समोरासमोर ठेवून क्षणभराच्या ठिणगीने ती वितळवून जोडतो. उघड्या टोकात डोकावून पाहू नये, कारण लेझर दिसत नसला तरी डोळ्याला इजा करू शकतो. शेवटी पॉवर मीटरवरचा आकडा, म्हणजे घरापर्यंत किती प्रकाश पोहोचतो त्याचे माप, विचारून लिहून ठेवावा. तो उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेला, तर कोठेतरी पिन मळलेली आहे किंवा केबल खिळ्याभोवती घट्ट वळवली गेली आहे, असे समजून तेव्हाच दुरुस्ती करून घ्यावी.

बॅकअपवर पैसे खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट तपासणे आवश्यक आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण विसरतात. अनेक इमारतींत फायबर फक्त मीटर रूमपर्यंत किंवा गच्चीपर्यंत येते आणि तेथून पुढे प्रत्येक घरात तांब्याची लॅन केबल जाते. आमच्या पुण्यातील सोसायटीत असेच होते. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद झाली की घरातला राउटर इन्व्हर्टरवर झगमगत असे आणि नेट मात्र बंद, कारण मीटर रूममधला स्विच, म्हणजे फायबरवरचे नेट घराघरांच्या लॅन केबलांत वाटणारी डबी, सार्वजनिक मीटरच्या विजेवर होता. आपल्या घरात येणाऱ्या वायरीला हिरवी पिन असेल, तर घरातला बॅकअप पुरेसा आहे. आठ तारांची पारदर्शक पिन असेल, तर आधी त्या स्विचला बॅकअप बसवून घ्यावा लागेल.

घरातील बॅकअपसाठी ओएनटीच्या अडॅप्टरवरील छापील मजकूर वाचावा. तेथे बहुधा १२ व्होल्ट आणि १ किंवा १.५ अँपिअर असे लिहिलेले असते. मिनी यूपीएसचे व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा अधिक असावेत, आणि राउटर वेगळा असेल तर त्याचाही भार मोजावा. खोक्यावरच्या १०,००० एमएएच या आकड्याला मात्र भुलू नये. तो सहसा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे साठा ३७ वॉट-तास, आणि १० वॉट खाणाऱ्या डबीला तो दहा तास नव्हे, जेमतेम तीन तास पुरतो. घरात इन्व्हर्टर असेल तर मिनी यूपीएसची गरजच नाही, फक्त त्यावरील बटण ‘यूपीएस’ स्थितीत ठेवावे. एरवी वीज जाताच डबी बंद पडून पुन्हा सुरू होण्यात दोन-तीन मिनिटे जातात आणि चालू बैठक तुटते.

इतके करूनही नेट गेले, तर तक्रार करण्यापूर्वी डबीवरचे दिवे पाहावेत. ‘लॉस’चा (LOS) तांबडा दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाशच पोहोचत नाही: केबल तुटली आहे किंवा केंद्रातील वीज गेली आहे. अशा वेळी डबी दहादा बंद-चालू करण्यात अर्थ नाही. ‘पॉन’चा (PON) हिरवा दिवा स्थिर असेल, तर प्रकाश पोहोचतो आहे आणि दोष लॉगिनमध्ये, राउटरमध्ये किंवा केंद्राच्या पलीकडे आहे. फोनवर ‘नेट चालत नाही’ एवढेच न सांगता कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे हे सांगितले, तर तंत्रज्ञ योग्य ती अवजारे घेऊन येतो.