शाडूत बुद्ध घडवताना

९ इंची बैठ्या मूर्तीला साधारण ३ किलो शाडू लागते. रात्रभर भिजवा आणि सकाळी कणकेसारखी मळा. बोटांना चिकटायची थांबली की झाली. मळताना कंटाळा केलात तर आत हवा राहते आणि वाळताना तिथेच तडकते.

आधी मुद्रा ठरवा. नव्याने शिकणाऱ्यांना मी भूमिस्पर्श देते. डावा तळहात मांडीवर उताणा, उजवा हात गुडघ्यावरून खाली. मार, म्हणजे ध्यानातून ढळवू पाहणारा मोहाचा अधिपती, त्याने आव्हान दिलं तेव्हा सिद्धार्थाने धरणीला साक्षीला बोलावलं, तो हा क्षण. म्हणून बोटं जमिनीला टेकलीच पाहिजेत. अधांतरी राहिली तर अर्थ जातो, आणि वाळल्यावर पहिली तीच तुटतात.

दोन्ही गुडघ्यांमधलं अंतर बैठकीपासून केसांच्या रेषेपर्यंतच्या उंचीच्या जवळपास ठेवा. कानाच्या पाळ्या लांब ओढा, पण रिकाम्या. राजपुत्राची जड कुंडलं उतरली, ताणलेल्या पाळ्या तेवढ्या उरल्या. केसांसाठी मोहरीएवढ्या गोळ्या करून एकेक उजवीकडे वळवत बसवा. यात अख्खी दुपार जाते. जाऊ द्या.

चेहरा सगळ्यात शेवटी, माती थोडी घट्ट झाल्यावर. वरची पापणी एका दमात, कोरणी न उचलता. नजर खाली, नाकाच्या शेंड्याकडे. आमच्या विहारातली मंडळी उघडे डोळे मागतात, कारण बाबासाहेबांनी स्वतः रेखाटलेल्या बुद्धाचे डोळे उघडे आहेत. तसे करायचे असतील तर भुवया अजिबात ताणू नका, नाहीतर चेहरा चकित दिसतो.

मग खोलीत अंधार करून बॅटरी आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग समोरून धरा. अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यात गाभाऱ्यातल्या बुद्धावर असाच उजेड फिरवून दाखवतात. दिवा सरकला की भाव बदलतो. एकीकडून स्मित, दुसरीकडून गांभीर्य, समोरून ध्यान. मी तिथे अर्धा तास उभी होते. तुमच्या मूर्तीत एखाद्या बाजूने ओठ रागावलेले दिसले तर त्या कोपऱ्याला ओल्या बोटाचा हलका स्पर्श पुरतो.

शेवटी तळातून माती कोरून काढा, अंगठ्याएवढी जाड भिंत ठेवा. पहिली मूर्ती मी घाईने गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात ठेवली होती. संध्याकाळी मानेत आरपार भेग. आता सावलीतच ठेवते, पहिले दोन दिवस मान आणि बोटांवर ओलं फडकं. दहा-बारा दिवसांनी टिचकी मारून पाहा. खणखणीत वाजली तरच रंगाला घ्या.