पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर गाडी घेऊन खरेदीला निघालात? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘दोनच मिनिटं’. गेल्या दिवाळीच्या आधी ती मीच केली. कुमठेकर रस्त्यावर कडेला जागा नव्हती, म्हणून लावलेल्या दुचाकींना खेटून कार उभी केली, इंडिकेटर लावून ठेवले आणि बायको शिवायला टाकलेले ब्लाउज आणायला उतरली. तेवढ्यात मागून पीएमपीची बस आली. तिला निघायला वावच नाही. बसमागे रिक्षा, रिक्षामागे टेम्पो. कंडक्टरने खाली उतरून काचेवर टकटक केली तोवर रांग मागच्या चौकात पोचलेली. आडवा रस्ताही तुंबला, म्हणजे ज्यांना इकडे यायचंच नव्हतं तेही अडकले. ब्लाउज तयार नव्हते, ते वेगळंच.

आपल्याला वाटतं, गाडी चार मीटर जागा अडवते. पण दुहेरी लावलेली कार अख्खी लेन बंद करते, कारण मागच्या प्रत्येकाला शेजारच्या लेनमध्ये घुसावं लागतं.

दुसरी चूक, दुकानासमोरच जागा मिळेल म्हणून घिरट्या घालणं. शिवाजी रस्ता स्वारगेटकडे जाणारा, बाजीराव रस्ता तिकडून येणारा, दोन्ही एकेरी. एक जागा हुकली की पुन्हा सगळी प्रदक्षिणा, तीही डावीकडे नजर लावून, रांगत. मागचे सगळे तुमच्याच वेगाने. वाहनतळांच्या अर्थशास्त्राचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांचं म्हणणं होतं की कडेच्या साधारण १५ टक्के जागा रिकाम्या राहतील असा पार्किंगचा दर ठेवावा, म्हणजे शोधाशोध थांबते. आपल्याकडे सकाळी शटर उघडताना दुकानदाराची आणि कामगारांची वाहनं दारात लागतात, ती रात्रीच हलतात. आणि दिवसभर तक्रार काय, तर गिऱ्हाइकाला पार्किंग नाही!

पी-वन, पी-टूचा फलक न वाचणं ही तिसरी. विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला पार्किंग, सम तारखेला दुसऱ्या. गंमत म्हणजे ३१ आणि १ दोन्ही विषम. ‘काल इकडे होती, आज तिकडे’ या हिशेबाने लावाल तर गाडी टोइंगवाले नेतील. चौकाच्या कोपऱ्यावर तर कुठल्याच तारखेला लावू नका, बस वळत नाही.

मग करायचं काय? मंडईजवळच्या महापालिकेच्या वाहनतळावर आधी जा, रस्ता धुंडाळून झाल्यावर नव्हे. सणासुदीला तोही भरतो, तेव्हा गाडी घरीच ठेवा: २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो थेट मंडईत उतरवते. गाडी आणायचीच असेल तर ती नदीपलीकडे डेक्कनला लावून चालत या. नदीपात्रात लावत असाल, तर पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलंय का ते आधी बघा. दुपारी कोरड्या दिसणाऱ्या जागेवर संध्याकाळी बोनेटपर्यंत पाणी असू शकतं.