डेअरी-ब्रुअरीच्या सांडपाण्यात शेवाळ कसं वाढवायचं

सांडपाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस काढायला शेवाळ वाढवायचं म्हटलं की सगळीकडे एकच सल्ला मिळतो, टाकीत कल्चर (जिवंत शेवाळाचं विरजण) ओता, ऊन मिळू द्या, बाकी शेवाळ बघून घेईल. नाही बघून घेत. मी डेअरी, ज्यूस आणि बिअर तिन्हींच्या पाण्यावर हे केलंय आणि माझ्या जेवढ्या टाक्या गेल्या त्या जवळपास सगळ्या पहिल्या दहा दिवसांतच गेल्या, म्हणून त्या दिवसांवरच जास्त लिहितोय. पाणी गाळलेलं आहे, वरचं फॅट काढलंय आणि इक्वलायझेशन टँक (येणारं पाणी साठवून एकसारखं करणारी टाकी) चालू आहे हे धरून चालतो.

१. पाणी कुठलं घ्यायचं

अॅनेरोबिक डायजेस्टरमधून (हवेविना बॅक्टेरिया घाण कुजवतात ती बंद टाकी) बाहेर पडलेलं. कच्चं नाही. कच्च्या पाण्यात साखर, लॅक्टोज, स्टार्च असतं आणि ते बॅक्टेरिया शेवाळापेक्षा कितीतरी वेगानं खातात, म्हणजे तुम्ही शेवाळ नाही, बॅक्टेरियाच वाढवत बसता. डायजेस्टर सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) खाली आणतो पण अमोनिया आणि फॉस्फेट तसंच सोडतो, आणि शेवाळाला हवं असतं तेच. ज्यूसच्या पाण्यात नायट्रोजन बऱ्याचदा कमी पडतो, टेस्ट करून थोडा युरिया द्या. धुलाईत क्वाट सॅनिटायझर (क्वाटर्नरी अमोनियमचं जंतुनाशक) वापरत असाल तर ती लाइन वेगळी काढा, क्वाट शेवाळाला थेट मारतं.

२. जात

क्लोरेला किंवा सेनेडेस्मस. स्पिरुलिनाला 9 ते 10 पीएच आणि भरपूर बायकार्बोनेट लागतं, इथे तिच्या नादी लागू नका.

३. सवय लावणं, सगळं इथेच बिघडतं

सुरुवात 10 टक्के सांडपाणी आणि बाकी साधं पाणी. कल्चर इतकं घाला की टाकी पहिल्याच दिवशी गडद हिरवी दिसली पाहिजे, फिक्कट हिरव्यावर सुरू केलंत तर बॅक्टेरिया पुढे निघून जातात. मग 20, 35, 50 असं चढत जायचं आणि प्रत्येक पायरीवर निदान तीन दिवस थांबायचं.

पुढची पायरी कधी चढायची हे पहाटेचा डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) सांगतो, दुपारचा नाही. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, मीटर 15 च्या वर दाखवतो आणि आपण खूश होतो, पण रात्री शेवाळ आणि बॅक्टेरिया दोघंही तोच ऑक्सिजन खातात. सूर्य उगवायच्या आधी मोजा. 2 मि.ग्रॅ. प्रति लिटरच्या वर असेल तर चढा, 1 च्या खाली असेल तर त्या दिवशी सांडपाणी अजिबात घालू नका.

मी एकदा घाईत 20 वरून थेट 60 टक्क्यांवर गेलो. दुपारचं रीडिंग मस्त होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे डीओ शून्य, पाणी राखाडी-दुधाळ आणि आंबट वास. मी घाबरून आणखी कल्चर ओतलं आणि तेही मेलं, कारण त्या पाण्यात कुणीच जगणार नव्हतं. तुमचं असं झालं तर सांडपाणी घालणं बंद करा, अर्धं पाणी काढून साधं पाणी भरा, रात्रभर हवा सोडा आणि रंग परत येईपर्यंत नवीन कल्चर वाया घालवू नका.

आणि दुसरा धोका म्हणजे सगळं नीट चाललेलं असतानाचा पीएच. शेवाळ सीओटू ओढून घेतं तसा दुपारी पीएच 9 च्या वर जातो, आणि 25 अंशाला 9.25 पीएचवर पाण्यातला निम्मा अमोनिया मुक्त रूपात असतो, जो शेवाळालाच विषारी आहे. वर तो हवेत उडतो, मग टेस्टमध्ये नायट्रोजन कमी दिसतो आणि लोक ते ट्रीटमेंटचं यश समजतात. तसं समजू नका, तो फक्त हवेत गेलाय. ब्रुअरीत फर्मेंटेशनचा सीओटू वाया जातच असतो, तोच पाण्यात सोडून पीएच 8.5 च्या आत ठेवा.

४. तळं

खोली 20 ते 30 सेंमी, पॅडलव्हीलनं पाणी सतत फिरतं ठेवा. डायजेस्टरचं पाणी तपकिरी असतं, खोल टाकीत तळापर्यंत उजेडच जात नाही.

५. रोजचं काम

रोज पाचवा भाग काढा, तेवढंच सांडपाणी घाला. हिरवा रंग एकदम उतरला तर थेंबभर पाणी मायक्रोस्कोपखाली बघा, रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म प्राणी) शेवाळ खाऊन टाकतात.

६. काढणी

ही टाळलीत तर सगळं फुकट, मेलेलं शेवाळ घेतलेला नायट्रोजन-फॉस्फरस परत पाण्यात सोडतं. कापडानं गाळायचा प्रयत्न नको, क्लोरेलाची पेशी काही मायक्रॉनचीच असते, आरपार जाते. सेनेडेस्मस चार-आठच्या गटात राहतं म्हणून जरा बरं बसतं. मी कायटोसान (शेवाळाचे कण एकत्र चिकटवणारा पदार्थ) घालून खाली बसवतो आणि गाळ डायजेस्टरला देतो, पण थोडा थोडा, कारण क्लोरेलाचं जाड कवच तिथे लवकर फुटत नाही.