सासूबाईंच्या खोलीसाठी हीटर निवडताना

निफाडचा पारा 5 अंशांखाली गेला की पेपरात बातमी येते. तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. आमची वस्ती तिथून फार लांब नाही, त्यामुळे ती बातमी वाचायच्या आधीच आम्हाला हाडांत कळलेली असते. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या असतात आणि घरात सासूबाई दोन गोधड्यांखाली कुडकुडत पडलेल्या असतात. वय 78, मधुमेह जुना, पायांना मुंग्या. त्यांच्यासाठी हीटर घ्यायचा ठरला तेव्हा मी नुसती किंमत बघून घेतला आणि चुकले. तुमची चूक होऊ नये म्हणून सगळं नीट लिहिते आहे.

पहिला आणला तो 2000 वॅटचा ब्लोअर. दुकानात सांगितलं, दोन मिनिटांत खोली गरम. खरंच झाली. पण सासूबाईंची खोली मागच्या पडवीत काढलेली, वर पत्रा. बंद केला की दहा मिनिटांत पुन्हा तोच गारठा. ज्या रात्री आभाळ निरभ्र असतं त्या रात्री जास्त थंडी पडते हे बागाईतदाराला सांगायला नको. दिवसभराची ऊब रात्री आभाळाकडे निघून जाते, आणि पत्रा तर ती क्षणात सोडून देतो. तशा खोलीतली हवा तापवत बसणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. वर आणखी एक झालं. तो ब्लोअर मी साध्या पिनेच्या सॉकेटला लावला होता. चौथ्या दिवशी जळका वास आला, बघितलं तर सॉकेटचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. 2000 वॅटचा हीटर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो आणि साधं सॉकेट असतं 6 अँपिअरचं. म्हणून सांगते, 1000 वॅटच्या पुढचा कुठलाही हीटर मोठ्या पिनेच्या पॉवर पॉइंटलाच लावा. अर्थिंग तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्डावर तर नकोच.

आता खर्चाचं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही: कॉइल असो, रॉड असो, ब्लोअर असो की तेलाचा हीटर (आत तेल भरलेला, पण चालतो विजेवरच), एका युनिटमागे सगळे सारखीच उष्णता देतात. वीज पूर्णपणे उष्णतेत बदलते, त्यात कमी-जास्त काही उरत नाही. त्यामुळे ‘हा कमी वीज खातो’ याचा अर्थ एवढाच, की तो कमी वॅटचा आहे किंवा थर्मोस्टॅटमुळे, म्हणजे पुरेसं तापलं की आपोआप वीज तोडणाऱ्या बटणामुळे, अधूनमधून बंद होतो. फरक पडतो तो उष्णता कुणाला मिळते यात. ब्लोअर आणि तेलाचा हीटर हवा तापवतात. रॉडचा हीटर, म्हणजे क्वार्ट्झ, हॅलोजन किंवा कार्बनचा, समोरच्या माणसाला थेट शेक देतो, उन्हात बसल्यासारखा. पत्र्याच्या, कौलारू, फटी असलेल्या घरात हाच परवडतो.

मी हे मीटरवर मोजून बघितलं. तुम्हीही बघा, सोपं आहे. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर 3200 आहे. फ्रिजसकट सगळं बंद करून फक्त हीटर चालू ठेवायचा आणि घड्याळ लावून मोजायचं. ब्लोअरनंतर आम्ही घेतलेल्या हीटरला 400 वॅटचे दोन रॉड आहेत. त्यातला एक लावला तेव्हा मिनिटाला 20 लुकलुकी भरली. हिशेबाने 21 यायला हवी होती, पण संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज जरा पडलेलं असतं. दोन्ही रॉड लावले की बरोबर दुप्पट. ब्लोअर पूर्ण लावला तेव्हा दिवा इतका घाईने लुकलुकायला लागला की मोजता मोजता माझा आकडा चुकला.

बिलाच्या मागे दराचे टप्पे असतात ते वाचा. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटला टप्पा बदलतो. हीटरची युनिटं तुमच्या नेहमीच्या वापरावर चढतात, म्हणून ती सगळी वरच्या, महाग टप्प्यात मोजायची, सरासरी दराने नाही. समजा तो दर इतर आकार धरून 12 रुपये पडला. 2000 वॅटचा हीटर रोज 5 तास चालला तर 10 युनिटं, म्हणजे दिवसाला 120 आणि महिन्याला 3600 रुपये. 400 वॅटचा एक रॉड सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास चालवला तर 1.2 युनिट. महिन्याचे 432 रुपये. आमच्याकडे आता हाच हिशेब चालतो. सासूबाई खुर्चीत, रॉडचा हीटर तीन फुटांवर, तोंड त्यांच्या गुडघ्यांकडे.

रात्रीसाठी मात्र रॉड नको. झोपलेल्या माणसाजवळ लालभडक रॉड ठेवायचा नाही, गोधडी सरकली तर आग लागेल. आम्ही विजेची चादर घेतली. एकाच्या पलंगाची आमची 80 वॅटची आहे. निजायच्या आधी अर्धा तास लावते, अंथरूण ऊबदार झालं की बंद करून पिन काढते. महिन्याला जेमतेम सव्वा युनिट. सासूबाईंना मी ती रात्रभर लावून देत नाही, कारण त्यांच्या पायांना चटका बसला तरी कळत नाही. ज्यांच्या घरी जुना मधुमेह आहे त्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. तान्ह्या बाळाखालीही ती घालू नका, आणि घडी घातलेली असताना चालू करू नका.

तेलाचा हीटर वाईट नाही. नाशिकला नणंदेकडे आहे. स्लॅबचं घर, खिडक्या घट्ट, आणि घरात सहा महिन्यांचं बाळ. तिथे तोच योग्य. आवाज नाही, उजेड नाही, आणि खोली तापली की थर्मोस्टॅट टक् करून बंद होतो. तापायला अर्धा-पाऊण तास घेतो, म्हणून घटकाभर शेकण्यासाठी तो घेऊ नये. आणि एसी घ्यायचाच असेल तर ‘हॉट अँड कोल्ड’ इन्व्हर्टर बघा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे एका युनिटमागे साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. चालवायला तो सगळ्यात स्वस्त. फक्त हीटर म्हणून घ्यायला मात्र महाग.

हीटर ऑक्सिजन खातो असं पुष्कळजण म्हणतात. विजेचा हीटर खात नाही. हवा तापली की कोरडी वाटते, घसा सुकतो, एवढंच. जीव घेते ती कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवली तर. ती कृपा करून ठेवू नका.

हीटरवर पैसे घालण्याआधी एक संध्याकाळ खोलीला द्या. आम्ही पत्र्याखाली थर्माकोलचं सिलिंग बसवलं, उंबऱ्याशी पोत्याची गुंडाळी ठेवली, फरशीवर सतरंजी टाकली. आधी दोन रॉड लागायचे, आता एकात भागतं. थर्माकोल पेट घेतं, म्हणून हीटर त्यापासून लांब, जमिनीवरच ठेवते.

दुकानात आयएसआयचा शिक्का बघा. हीटर चालू करून तिथेच थोडा कलंडवायला सांगा, लगेच बंद झाला पाहिजे. जाळीतून लहान मुलाचं बोट जात नाही ना ते स्वतःच्या बोटाने, पण बंद हीटरवर, तपासा. हिवाळा सरला की मागचा चकचकीत पत्रा कोरड्या फडक्याने पुसून हीटर जुन्या साडीत बांधून ठेवा. धुळीने तो पत्रा काळवंडला की शेक पुढे कमी येतो आणि तेवढ्याच युनिटांत गुडघे गारच राहतात.