‘७०-२०० लेन्स, १ नग’: कॅमेरा आणि घरातल्या ऐवजाची यादी करताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तुळशीची लग्नं लागली होती, लग्नसराई नुकतीच सुरू झाली होती. नाशिकच्या औरंगाबाद नाक्यापुढे एका लॉन्सवर शूट होतं. मंगलाष्टकं चालू असताना बॅग स्टेजच्या मागे ठेवली, अक्षता पडल्या, हार घालून झाले आणि लेन्स बदलायला मागे गेलो तर बॅग नाही. आत ७०-२०० एफ २.८ लेन्स, एक फ्लॅश, चार बॅटऱ्या आणि कार्डांचं पाकीट होतं.

पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा मी तसा निश्चिंत होतो, कारण माझ्याकडे यादी होती. फोनवर एक्सेल शीट उघडून ठाणे अंमलदारांसमोर धरली. त्यात लिहिलेलं होतं, ‘७०-२०० एफ २.८, १ नग’. त्यांनी वाचलं आणि विचारलं, “असल्या लेन्स नाशकात किती जणांकडे असतील?”

“असतील शंभरेक.”

“मग उद्या सापडली, तर ती तुमचीच कशावरून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. यादी मी माझ्या आठवणीसाठी केली होती आणि माझं सामान मला तोंडपाठच होतं. ती वाचणार होते ते भलतेच लोक: अंमलदार, विम्याचा सर्व्हेअर, उद्या कदाचित कोर्टातला कारकून. त्यांनी माझी लेन्स कधी पाहिलेली नाही. त्यांना नुसत्या कागदावरून ती शंभरातून वेगळी काढता आली पाहिजे. पुढच्या बहुतेक चुका या एकाच ठिकाणी होतात.

मॉडेल नंबरला सीरियल नंबर समजणं

माझ्या एका मित्राने त्याच्या कॅननचा ‘नंबर’ मोठ्या अभिमानाने दाखवला. डीएस१२६ आणि पुढे तीन आकडे. तो त्या मॉडेलचा टाइप नंबर. त्या मॉडेलच्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या बुडाशी तोच छापलेला असतो. सोनीवर ‘आयएलसीई’ने सुरू होतं ते मॉडेलचं नाव. सीरियल नंबर वेगळा असतो, बहुतेकदा बुडाशी, काही मॉडेलांत बाहेर येणाऱ्या स्क्रीनच्या मागे. लेन्सचा नंबर माउंटजवळ, म्हणजे ती कॅमेऱ्याला जोडतात त्या टोकाशी, किंवा नळकांड्यावर बारीक अक्षरात असतो. तो दिसत नसेल तर मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता आडवा धरा, कोरलेले आकडे लगेच उठून दिसतात.

बुडाशी स्टिकर असेल तर आजच फोटो काढा. ट्रायपॉडची प्लेट रोज घासून दोन हंगामांत तो पुसून जातो. माझ्या जुन्या बॉडीवर (म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर) आता फक्त पांढरा चौकोन उरलाय.

नंबर उतरवताना शून्य आणि ओ, आठ आणि बी, एक आणि आय यांची सर्रास गल्लत होते. एकाने वाचायचा, दुसऱ्याने लिहिलेल्यावरून बोट फिरवायचं. आमच्याकडे हे काम माझी मुलगी करते आणि दर वेळी एक तरी चूक काढते. मेमरी कार्ड आणि बॅटऱ्यांच्या नंबरांमागे मी लागत नाही. किती आहेत तेवढं लिहितो.

वस्तू गेली, नंबर नाही. आता?

माझं हेच झालं होतं. लेन्सचा खोका दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे गेलेला. बिलावर फक्त मॉडेलचं नाव. तेव्हा एका मित्राने सांगितलं, जुने फोटो तपास. कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती लिहितो. त्यात बऱ्याच कॅमेऱ्यांत बॉडीचा सीरियल नंबर असतो आणि त्याच कंपनीची नवी लेन्स असेल तर अनेकदा लेन्सचाही. जुन्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या लेन्सचा मिळेलच असं नाही.

आधी मी व्हॉट्सअॅपवर क्लायंटला पाठवलेले फोटो उघडले. काहीच नाही, कारण व्हॉट्सअॅप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना ही माहिती काढून टाकतं. स्क्रीनशॉटमध्येही ती नसते. कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल हवी. शेवटी हार्ड डिस्कवर जानेवारीतलं नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्याचं एक फोल्डर सापडलं. पक्ष्यांना ७०-२०० तोकडीच पडते, पण त्या दिवशी माझी चारशेची लेन्स एका मित्राने नेली होती म्हणून तिथल्या चापडगावच्या मनोऱ्यावरून हिनेच फोटो काढले होते. एक्झिफटूल हा फुकटचा प्रोग्रॅम चालवला. एका धूसर, अगदी फेकून देण्याच्या लायकीच्या फोटोत लेन्सचा नंबर निघाला. दुसऱ्या दिवशी जाऊन पुरवणी जबाब दिला आणि तो नंबर नोंदवून घेतला.

तुमच्याकडे मूळ फाइल नसेल तर आणखी जागा आहेत: खोक्यावरचं बारकोडचं लेबल, वॉरंटी कार्ड, कंपनीच्या वेबसाइटवर केलेलं रजिस्ट्रेशन, आणि सर्व्हिस सेंटरची जॉब शीट. शेवटची बहुतेकांना आठवत नाही. कधी सेन्सर साफ करून घेतला असेल, पावसाळ्यात लेन्सला बुरशी आली म्हणून दिली असेल, तर तिथे नंबर लिहिलेला असतोच.

फोनचं सोपं आहे. *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, दिसतो. ड्युअल सिमचे दोन असतात, दोन्ही लिहा. फोन गेला तर पोलीस तक्रारीची प्रत जोडून सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या सीईआयआर सुविधेवरून तो ब्लॉक करता येतो. पण फोन गेल्यावर *#०६# कुठे दाबणार?

बिल आहे, पण कोरं

दुकानातलं छोटं बिल थर्मल कागदावर असतं. दोन उन्हाळ्यांत ते कोरं होतं, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर एकाच. घरी आल्या आल्या फोटो काढा. त्याहून बरं म्हणजे दुकानदाराला सांगून सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि बिलाची पीडीएफ ईमेलवर मागवा.

आमच्या धंद्यात निम्मं सामान एकमेकांकडून घेतलेलं. चहा पिता पिता व्यवहार होतो, रोख दिली की झालं. अशा वेळी साध्या कागदावर तारीख, सीरियल नंबर, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या, जुन्या मालकाच्या बिलाची प्रत घ्या आणि पैसे यूपीआयने द्या. विकणारा बिलाची प्रत द्यायला का-कू करत असेल तर चहा संपवून उठावं.

परदेशी जाणाऱ्यांना आणखी एक. महागडी किट घेऊन मुंबईहून उडत असाल तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेऊन ठेवा. परत येताना ही वस्तू इथूनच नेलेली आहे हे दाखवायला ते लागतं आणि तेही सीरियल नंबरवरच बनतं.

‘पाच तोळे सोनं’ ही नोंद नव्हे

कॅमेऱ्याला निदान नंबर असतो. खरी पंचाईत दागिन्यांची. मागे आमच्या नात्यात घरफोडी झाली तेव्हा फिर्यादीत काय लिहिलं गेलं? ‘सोन्याचे दागिने, अंदाजे पाच तोळे.’ रडवेल्या माणसाला त्या घटकेला दुसरं काय सुचणार? पुढे मुद्देमाल मिळालाच, तर मोहनमाळेचे मणी किती होते, फासा कुठल्या घडणीचा होता, हे कोण सांगणार?

मी आता प्रत्येक दागिन्याचे चार फोटो काढतो: पुढून, मागून, फासा किंवा मळसूत्र जवळून आणि वजनकाट्यावर ठेवून, आकडा दिसेल असा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा जड दागिन्यांना चालतो. नथ-कुड्यांसाठी सराफाकडे वजन करून घ्यावं. ओळखीची खूणही लिहायची. आईच्या पाटल्यांपैकी एकीला आत चिमट्याचा ओरखडा आहे, ठुशीचा एक मणी बदललेला आहे. तोच ओरखडा उद्या पुरावा ठरतो.

वजन ग्रॅममध्येच लिहा. सराफ आज तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा. आजीच्या चिठ्ठीतला तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, १२ मासे म्हणजे एक तोळा आणि ८ गुंजा म्हणजे एक मासा. चिठ्ठीत ‘सात तोळे’ असेल तर ते सुमारे ८१.६ ग्रॅम होतात. नुसतं ‘७ तोळे’ उतरवलंत तर साडेअकरा ग्रॅम सोनं कागदावरच गेलं. लाख भरलेल्या किंवा खड्यांच्या दागिन्यांचं एकूण आणि निव्वळ वजन वेगवेगळं लिहा.

१ जुलै २०२१ पासून हॉलमार्किंगमध्ये एचयूआयडी आला. अक्षरं आणि आकडे मिळून सहा चिन्हांचा हा कोड प्रत्येक दागिन्याला वेगळा असतो. सोन्याला सीरियल नंबर मिळाला तो असा. भिंगाने वाचा, बीआयएस केअर अॅपवर तपासा आणि यादीत लिहा. आजीच्या दागिन्यांवर तो नसणार, तिथे फोटो आणि ओरखडेच कामाचे. आणि दागिना मोडून नवा केला की जुनी ओळ खोडून ‘मोडला’ आणि तारीख लिहायला विसरू नका. आमच्या यादीत एक बोरमाळ तीन वर्षं होती, प्रत्यक्षात तिच्या बांगड्या होऊन दिवस झाले होते. सर्व्हेअरला अशी एक ओळ सापडली की उरलेल्या यादीवरचाही त्याचा विश्वास उडतो.

माझ्या मावशीला हे सगळं पसंत नाही. “लिहून ठेवलं की नजर लागते, वर इन्कमटॅक्सवालेही येतात.” नजरेचं मी काही करू शकत नाही. इन्कमटॅक्सचं म्हणाल तर प्रत्यक्ष कर मंडळाच्या सूचनेप्रमाणे झडतीत विवाहितेचे ५००, अविवाहित मुलीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. त्याहून जास्त असेल तर ते कुठून आलं हे दाखवायला कागद लागतात, म्हणजे परत यादीच.

खरं तर मावशीची पिढी या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी. लग्नाची यादी दोन्ही घरच्यांच्या सह्यांनी व्हायची. भांडी बाजारातून आणलेल्या प्रत्येक पातेल्यावर नाव आणि तारीख घालून घेतली जायची. शेजारी गेलेला डबा सहा महिन्यांनी मुकाट परत यायचा. लेन्सवर नाव कोरा असं मी म्हणणार नाही, विकताना किंमत पडते. पण ड्रिल मशीन, मिक्सर, सायकल यांच्यावर कोरायला काय हरकत आहे? येवल्याच्या पैठणीला तर कोरायचीही गरज नाही. पदर, काठ आणि केलेलं रफू यांचा जवळून फोटो काढला की झालं.

यादी त्याच कपाटात

मामांचा वाडा जुन्या नाशकात, सराफ बाजारापासून चार पावलांवर. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी आत शिरलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला ते बघून तिथली माणसं सामान वर हलवतात. पहिल्या वेळी टीव्ही, गहू, देव सगळं माडीवर गेलं आणि लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातली कागदांची पिशवी खालीच राहिली. बिलांचा लगदा झाला. चोर लॅपटॉप नेतो तेव्हाही असंच होतं, यादी त्याच्याबरोबरच जाते.

एक प्रत गूगल ड्राइव्हवर, एक छापून बहिणीकडे, तीही वेगळ्या भागात राहणारी असावी. पासवर्ड घरातल्या दुसऱ्या एकाला माहीत हवा. मात्र कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी टाकू नका. तिथे कोणाकोणाचे जावई आहेत ते आधी मोजा.

लॉकरमध्ये ठेवलं म्हणजे बँकेकडे नोंद आहे, असा गोड गैरसमज असतो. आत काय आहे हे बँकेला माहीत नसतं. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतकीच. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर, तेवढीही नाही. लॉकर उघडाल त्या प्रत्येक दिवशी काय ठेवलं आणि काय काढलं ते तारखेसह लिहा.

घराच्या विम्यात कॅमेरा आला असं धरून चालणं

धंद्यासाठी वापरलेला कॅमेरा घराच्या विम्यात सहसा धरत नाहीत, त्याला वेगळा विमा घ्यावा लागतो. २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला संरक्षण मिळतं. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. चोरी त्यात आहे ती आग, पूर अशा घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांत झालेली. साध्या घरफोडीसाठी दुसरी पॉलिसी, आणि तिथेही कुलूप-कडी तोडल्याची खूण मागतात. स्टेजमागून उचललेली बॅग यात कुठेच बसत नाही, हे मी स्वतः पैसे मोजून शिकलो.

उसनं दिलेलं

“दोन दिवस बॉडी दे रे.” देतो आपण, द्यावीच लागते. सिंहस्थात तर रामकुंडावर अर्ध्या नाशिकच्या लेन्स एकमेकांच्या गळ्यात असतील. देताना वस्तूचा, नंबरचा आणि घेणाऱ्याच्या हाताचा एकच फोटो काढून त्यालाच पाठवा. तारीख आपोआप पडते आणि कुणाला राग येत नाही.

माझी लेन्स अजून सापडलेली नाही. यादीतून तिची ओळ मी काढलेली नाही. समोर नंबर आहे, एफआयआरचा क्रमांक आहे आणि शेरा आहे ‘चोरीस गेली’. कुणी सेकंड हँड ७०-२०० विकायला आणली की काचेवर ओरखडे आहेत का ते नंतर बघतो. आधी उलटी करून माउंटजवळ टॉर्च आडवा धरतो.